साथीला बसलेल्याने चाल बांधली तर? गोविंदराव टेंबे आणि पेटीची साथ

पांढरी_चार | ३ जानेवारी, रात्री ११:१०

डिसेंबरअखेरीस आपल्याच सोलापुरात एका कार्यक्रमात पेटीला होतो. बाई फार मनापासून गायल्या. मारुबिहाग, मग ठुमरी, दोन नाट्यपदं, शेवटी भैरवी. निवेदकांनी मंडपवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले. तबल्यावर कोण आणि पेटीवर कोण, हे त्यांच्या कागदावर नव्हतं. छत्तीस वर्षं साथ करतोय, तरी वाईट वाटलं. तबल्याला बसलेला मुलगा तेवीस वर्षांचा. त्याची आई पहिल्या रांगेत होती, मुलाचं नाव ऐकायला मिळेल म्हणून आभार संपेपर्यंत थांबली होती. त्याचं जास्त वाईट वाटलं.

घरी येऊन झोप लागेना. मग ठरवलं की तक्रार लिहिण्यापेक्षा गोविंदराव टेंब्यांबद्दल लिहावं.

टेंबे आज आठवतात ते 'मानापमान'चे संगीतकार म्हणून, किंवा १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटातला हरिश्चंद्र म्हणून. त्यात तारामती दुर्गा खोटे, दिग्दर्शन शांतारामबापूंचं, आणि संगीतही टेंब्यांचंच. पण या सगळ्याच्या आधी ते साथीला बसणारे पेटीवाले होते. माझं म्हणणं एवढंच आहे, की ते एवढे मोठे संगीतकार झाले ते साथीला बसत होते म्हणून. साथ ही त्यांची सुरुवातीची पायरी नव्हती, तीच त्यांची शाळा होती.

जन्म १८८१ चा, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. वाढले कोल्हापुरात. पेटी जवळजवळ स्वतःची स्वतः शिकले. गाणं कानावर पडायला लागलं ते देवल क्लबात, म्हणजे तिथल्या संगीतसंस्थेत. आता यात एक गोष्ट लक्षात घ्या. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये द-बँ यांनी घेतलं १८४२ साली, आणि मांडीशी घेऊन वाजवायची हातपेटी कलकत्त्याला द्वारकानाथ घोषांनी बनवली ती १८७० च्या दशकात. म्हणजे टेंबे जन्मले तेव्हा हातपेटी जेमतेम पाच-दहा वर्षांची होती. सारंगीला घराणी होती, पिढ्या होत्या. पेटीला कोण शिकवणार? गवयाचा गळा हाच गुरू. तो काय करतो ते ऐकायचं आणि पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवर शोधायचं.

आणि गळा कुणाचा लाभला, तर भास्करबुवा बखल्यांचा. भास्करबुवा (१८६९–१९२२) हे तीन तालमींचं पाणी प्यायलेले. ग्वाल्हेरचे फैज महंमद खाँ, आग्र्याचे नत्थन खाँ आणि नंतर जयपूरचे अल्लादिया खाँ. अशा माणसाच्या शेजारी रोज बसायचं म्हणजे काय, ते ज्याने एकदा तरी साथ केलीय त्याला कळेल. श्रोता गाणं ऐकतो. साथीदाराला गाणं होण्याच्या अर्धा क्षण आधी त्याचा वास यावा लागतो.

ज्यांनी पेटी हातात धरली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गवई आलाप घेतो तेव्हा आपण अर्ध्या श्वासाने मागे राहायचं. लगेच तीच जागा घेतली तर त्याच्या अंगावर पडल्यासारखं होतं, आणि फार मागे राहिलं तर लोकांना दोन गाणी ऐकू येतात. तान सुटली की तिचा फक्त आराखडा धरायचा, एकेक सूर वाजवायचा हट्ट धरायचा नाही. तो श्वास घेतो ती फट भरायची, पण अशी की पुढच्या ओळीला रस्ता मोकळा राहील. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दोघांनी एकत्र.

तिशीत असताना माझ्याकडून एक चूक झाली होती. एका ज्येष्ठ गवयांच्या साथीला होतो, यमन चालला होता. ते निषादावर थांबले होते, थांबलेच होते. सगळं सभागृह वरच्या षड्जासाठी टांगून राहिलं होतं. मला राहवलं नाही आणि तो षड्ज मी त्यांच्याआधी वाजवला. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे नुसतं पाहिलं. नंतर हात धुताना हळू आवाजात म्हणाले, "लोक ज्याची वाट बघत होते, ते तुम्ही देऊन टाकलंत." हे वाक्य मी आयुष्यभर जवळ ठेवलंय.

आता 'मानापमान' ऐका. किर्लोस्कर नाटक मंडळी, मार्च १९११, खाडिलकरांचं नाटक. त्याआधीच्या संगीत नाटकांत साकी, दिंडी, कीर्तनी आणि कानडी वळणाच्या चाली यांचा भरणा असे. टेंब्यांनी रंगभूमीवर बैठकीचं गाणं आणलं. ख्यालाची बंदिश, पूरबकडची ठुमरी, दादरा, कजरी. 'नाही मी बोलत नाथा' मधला लटका रुसवा ठुमरीच्या अंगाशिवाय उभाच राहणार नाही. पण मला जास्त मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. या चालींत मोकळी जागा सोडलेली आहे. ओळ जिथे संपते तिथे गाणाऱ्याला थांबता येतं, फिरता येतं, परत येता येतं. चाल स्वतः सगळं बोलून टाकत नाही. जो माणूस वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या श्वासाच्या फटी मोजत बसला, त्यालाच हे सुचतं. षड्ज आधी वाजवायचा नाही, हे त्याच्या बोटांना माहीत असतं.

पुढचं थोडक्यात. १९१३ ला बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. दोनेक वर्षांतच टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली, तिच्यासाठी लिहिलं, चाली दिल्या, कामंही केली. मग चित्रपट. अल्लादिया खाँसाहेबांचं चरित्र लिहिलं, स्वतःच्या संगीताच्या वाटचालीवर लिहिलं. १९५५ च्या ऑक्टोबरात दिल्लीत गेले.

इथे साथ करणारे कोणी असतील तर लिहा. ऐकणारेही लिहा.

---

हुतात्मा_चौक | ३ जानेवारी, रात्री ११:४८

त्या कार्यक्रमाला मी होतो. ठुमरीत बाईंचा आवाज किंचित बसला होता, तेव्हा तुम्ही खालच्या सप्तकात गेलात आणि त्यांना टेकायला जागा मिळाली. तेव्हा नुसतं बरं वाटलं होतं, का ते आज कळलं.

तबल्याच्या मुलाचं नाव इथे लिहिता येईल का?

---

पांढरी_चार | ४ जानेवारी, सकाळी ७:०५

त्याला विचारून सांगतो. न विचारता नको.

---

नाट्यवेडा | ४ जानेवारी, दुपारी १:३०

लेख आवडला, पण मुद्द्याला माझा विरोध आहे, तो मांडतो.

'मानापमान'च्या बऱ्याच चाली मूळच्या बंदिशींवर आणि ठुमऱ्यांवर बेतलेल्या आहेत. आपल्याकडे पद्धतच तशी होती. आधी चाल ठरायची, मग नाटककार त्या मापात शब्द बसवायचा. म्हणजे टेंब्यांनी चाली निवडल्या असं म्हणा, रचल्या म्हणणं जरा जास्त होतं. आणि मोकळ्या जागेचं म्हणाल तर ती बंदिशीत मुळातच असते. त्याचं श्रेय साथीला द्यायचं की त्या अनाम बंदिशकारांना?

दुसरं, त्या पदांना पुढे जो रंग चढला तो बालगंधर्वांच्या गळ्याचा. त्यांच्याऐवजी दुसरं कुणी असतं तर?

---

पांढरी_चार | ४ जानेवारी, रात्री १०:२०

@नाट्यवेडा, विरोध मनापासून आवडला. दोन्ही मुद्द्यांवर लिहितो.

चाल निवडणं हे काम तुम्ही म्हणता तेवढं हलकं नाही. हजार बंदिशी माहीत असलेला माणूस 'मानापमान'ची नायिका भामिनी हिच्या तोंडी कुठली शोभेल आणि नायक धैर्यधराच्या तोंडी कुठली, हे ठरवतो तेव्हा तो रचतोच आहे. मी एका भजनी मंडळासाठी चाली बांधतो, माझा अनुभव सांगतो. अभंगाचा साडेतीन चरणांचा सांगाडा ठरलेला. राग ठरलेला. ठेका भजनी. मग माझं काय उरलं? उरतं ते हे, की 'विठ्ठल' हा शब्द कुठल्या सुरावर ठेवायचा. पंचमावर ठेवला तर हाक होते, खालच्या धैवतावर ठेवला तर तोच शब्द कुशीत घेतल्यासारखा होतो. शब्द तोच, राग तोच. त्या मंडळातल्या एका आजींचा आवाज तार षड्जाच्या वर जात नाही. म्हणून एक अख्खी चाल मी मध्यमाला सा मानून बांधली. बाकीच्यांना वाटलं काहीतरी नवीन प्रयोग आहे. ती आजींसाठी होती.

दुसरा मुद्दा. ८ जुलै १९२१ ला मुंबईत संयुक्त मानापमान झालं, टिळक स्वराज्य फंडासाठी. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक, दोन अगदी वेगळ्या जातीचे गळे, आणि मधे टेंब्यांचं गाणं. पुढे मास्टर दीनानाथांनी धैर्यधराची पदं त्यांच्या आक्रमक ढंगात गायली, तो तिसरा गळा. तिघांनाही त्या नाटकात पाय रोवायला जागा मिळाली. एका गळ्यापुरती शिवलेली चाल असती तर ती दुसऱ्याच्या अंगात बसली नसती.

अनाम बंदिशकारांबद्दल मात्र तुम्ही बरोबर आहात. तेही कुठल्यातरी यादीत राहून गेलेले लोकच.

---

श्रुती२२ | ५ जानेवारी, सकाळी ९:१५

भावना बाजूला ठेवून सुरांबद्दल बोलू का? पेटीचा गंधार हा गंधार नाही. पियानोसारखीच पेटीही बारा समान भागांत लावलेली असते. एका सप्तकाचे १२०० सेंट धरले तर शुद्ध गंधार षड्जापासून साधारण ३८६ सेंटवर असायला हवा, पेटीत तो ४०० वर असतो. चौदा सेंट चढा. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो त्याच्याशी तो भांडतो. कोमल गंधार उलट उतरलेला. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, तर निघतच नाही. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटीला बंदी घातली ती उगाच नाही, आणि ती तीस वर्षांहून जास्त टिकली. १९७१ ला अंशतः उठली.

टेंबे मोठे होते, वाद नाही. पण त्यांच्या मोठेपणाचं श्रेय त्या वाद्याला देऊ नका.

---

पांढरी_चार | ५ जानेवारी, रात्री ९:५०

@श्रुती२२, तुमचा एकही आकडा खोडणार नाही. चौदा सेंट मलाही ऐकू येतात, रोज येतात. म्हणून तर साथ शिकावी लागते.

गवई गंधारावर ठाण मांडून बसला की मी गंधार धरत नाही. बोट हलकेच लावून उचलतो आणि षड्ज-पंचम भरत राहतो. पेटीचा पंचम फक्त दोन सेंटनी उतरलेला, तो कुणाला टोचत नाही. गंधार गवयाचा, त्याखालची जमीन माझी. मींड घेतो तेव्हा तो जिथून निघाला तो सूर आणि जिथे पोचला तो सूर एवढंच सांगायचं, मधला प्रवास त्याचा. आप्पा जळगावकरांची भीमसेनजींबरोबरची साथ ऐका. त्यात कुठे सूर लावलाय यापेक्षा कुठे लावलेला नाही ते ऐका. गोविंदराव पटवर्धनांच्या नाट्यपदांत बोटं गायकाच्या शब्दाचा उच्चार करतात असं वाटतं, ते वाद्याच्या उणिवेतूनच काढलेलं आहे.

बंदीबद्दल एकच. टेंबे १९५५ ला गेले. म्हणजे आयुष्याची शेवटची पंधरा वर्षं त्यांचं वाद्य देशाच्या रेडिओवर निषिद्ध होतं. ज्या माणसाने ते मैफलीत मानाने नेऊन बसवलं, त्याच्या डोळ्यांदेखत. माझे वडील सांगायचे, रेडिओवर गाणं लागलं की ते मनातल्या मनात पेटी भरायचे.

---

विजापूरवेस | ६ जानेवारी, सकाळी ८:००

सर, दोन दिवस धागा वाचालोय. मी गाण्यातला नाही, आमचं किराणा दुकान आहे. घरात कानडी बोलतो.

तुम्ही म्हणालात जुन्या नाटकांत कानडी चाली होत्या. मग 'चंद्रिका ही जणू' त्यातलीच का ओ? आमच्या आत्याकडे धारवाडला ते पद लागलं की शेजारच्या बाई म्हणायच्या, हे आमचंच आहे की.

---

नाट्यवेडा | ६ जानेवारी, दुपारी १२:४०

शेजारच्या बाई बरोबर बोलल्या. ते पद आरभी रागात आहे आणि आरभी मूळचा कर्नाटक संगीतातला. म्हणजे टेंबे पूरबकडे गेले तसे दक्षिणेकडेही गेले. अण्णासाहेब किर्लोस्कर स्वतः आजच्या कर्नाटकातल्या गुर्लहोसूरचे. मराठी नाट्यसंगीताचं आजोळ तिकडेच आहे.

आणि हो, @पांढरी_चार, आजींसाठी बांधलेल्या चालीवर माझ्याकडे उत्तर नाही. श्रेयाचा मुद्दा मी अर्धा मागे घेतो.

---

विजापूरवेस | ६ जानेवारी, दुपारी १२:५५

लई भारी वाटलं. आत्याला कळवतो.

---

उपासना | ६ जानेवारी, रात्री ११:३०

पहिल्यांदाच लिहितेय. मी सोलापुरातच राहते. रविवारी आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, पायपेटी. पियानो पुण्याला जाऊन शिकले. आमच्याकडे ना. वा. टिळकांची पदं गातात तेव्हा मी नक्की काय करते, हे मला या धाग्यामुळे शब्दांत कळलं.

पियानोच्या जगातल्या एका साथीदाराबद्दल सांगते. जेराल्ड मूर. १८९९ ला इंग्लंडात वॉटफर्डला जन्म, काही वर्षं कॅनडात, मग परत इंग्लंड. सुरुवातीला जॉन कोट्स नावाच्या टेनर गायकाबरोबर काम केलं. साथ म्हणजे काय हे कोट्सनी शिकवलं, असं मूर नेहमी मानत. त्या काळी साथीदार म्हणजे पियानोच्या स्टुलावरचा एक अदृश्य माणूस. मूर यांनी भाषणं दिली, पुस्तकं लिहिली, आणि साथ ही स्वतंत्र कला आहे हे लोकांच्या गळी उतरवलं. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नावच एक प्रश्न आहे: माझा आवाज फार मोठा होतोय का? साथीला बसलेला प्रत्येक माणूस हे रोज विचारतो.

२० फेब्रुवारी १९६७ ला लंडनमध्ये त्यांचा निरोपाचा कार्यक्रम झाला. श्वार्झकॉफ, व्हिक्टोरिया दे लोस आंखेलेस, फिशर-डिस्काऊ असे तीन दिग्गज त्यांच्यासाठी गायला आले. शेवटी मूर एकटे पियानोवर बसले आणि संगीतकार शूबर्टचं संगीताला उद्देशून असलेलं गाणं त्यांनी गायकाशिवाय वाजवलं. आयुष्यभर ज्याच्या शेजारी बसले, तो शेजार त्या वेळी रिकामा होता. ते ध्वनिमुद्रण ऐकताना मी दर वेळी रडते.

पण मूर यांनी स्वतः गाणी रचली नाहीत. तुमच्या टेंब्यांशी खरं नातं शूबर्टचं जुळतं. तो सहाशेच्या वर गाणी करून एकतिसाव्या वर्षी, १८२८ ला गेला. फोगल नावाचा ऑपेरातला मोठा गायक त्याच्यापेक्षा जवळपास तीस वर्षांनी मोठा. तो गायचा आणि शूबर्ट साथीला बसायचा. १८२५ ला दोघं ऑस्ट्रियातल्या गावोगाव फिरले. त्या प्रवासातून भावाला लिहिलेल्या पत्रात शूबर्ट म्हणतो की फोगल गातो आणि मी साथ करतो तेव्हा त्या क्षणी आम्ही दोघं एकच आहोत असं वाटतं, आणि हे इथल्या लोकांना अगदी नवीन आहे.

त्याचं एक गाणं सोलापूरच्या माणसाने ऐकलंच पाहिजे. वयाच्या सतराव्या वर्षी, ऑक्टोबर १८१४ मध्ये केलेलं. ग्योथच्या 'फाऊस्ट'मधली ग्रेटखेन चरख्यावर सूत कातत बसलीय आणि प्रियकराच्या आठवणीने कासावीस झालीय. पियानोचा उजवा हात म्हणजे फिरणारं चाक, डावा हात म्हणजे पायटा, चाक फिरवायला पायाने दाबायची फळी. गाता गाता तिला त्याचं चुंबन आठवतं आणि चाक थांबतं. पूर्ण थांबतं. मग पियानो एकदा ढकलून बघतो, चालत नाही. परत ढकलतो. मग हळूहळू फिरायला लागतं. हे गायिका सांगत नाही, हे साथ सांगते.

---

कांडी | ७ जानेवारी, पहाटे ५:४०

@उपासना, तुमचं वाचून झोप उडाली, म्हणून या वेळी लिहितेय.

आम्ही पद्मशाली. आजोबांचा हातमाग होता, मग वडिलांचे यंत्रमाग, टॉवेलचे. आजी राटावर, म्हणजे हाताने फिरवायच्या चाकावर, सुताच्या कांड्या भरायची. लहानपणी मी तिच्या मांडीला टेकून झोपायचे आणि तो राटाचा आवाज पाठीतून यायचा. घुर्र-टक, घुर्र-टक. शेजारच्या खोलीत माग चालायचा, त्याचा वेगळा ठेका. धोटा इकडून तिकडे. दोन्ही ठेके कधी जुळायचे, कधी सुटायचे.

सूत तुटलं की राट थांबायचा. आजी काही बोलायची नाही. दोन टोकं शोधायची, जिभेवर ओली करायची, गाठ मारायची, चाक हाताने थोडं मागे घ्यायची आणि मग पुढे. तेवढ्या वेळात घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटायचं, इतकी शांतता.

आजोबा गेले त्यानंतर काही महिने सूत न तुटताही राट मधेच थांबायचा. मी दहा वर्षांची होते. मला वाटायचं आजी दमली.

काल रात्री ते गाणं शोधून ऐकलं. जर्मन मला येत नाही. चाक थांबलं तिथे कळलं.

---

हुतात्मा_चौक | ७ जानेवारी, सकाळी ७:२०

वाचलं. थोड्या वेळाने लिहितो.

---

श्रुती२२ | ७ जानेवारी, सकाळी १०:०५

@कांडी, मीही काल ते ऐकलं. पहिल्यांदा सवयीने सेंट मोजत होतो. पियानोचे गंधारही चढेच असतात. चाक थांबल्यावर मोजायचं राहून गेलं.

@पांढरी_चार, जमिनीचं तुम्ही म्हणालात ते पटलं. वाद्याबद्दलचं माझं मत तेच आहे, साथीबद्दलचं बदललं.

---

पांढरी_चार | ७ जानेवारी, रात्री १०:४५

कांडीताई, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. बायको म्हणाली, परत वाचा.

आज दुपारभर ते गाणं पेटीवर काढायचा प्रयत्न करत होतो. हातपेटीवर ते होत नाही. एक हात भात्याला अडकलेला, उरला एकच हात, तो चाकही फिरवणार आणि पायटाही दाबणार कसा? उजव्या हाताने चाक वाजवलं तर खालचा पायटा नाही, आणि पायट्याशिवाय चाकाला दम नाही. तेव्हा कळलं की संगीत नाटकवाल्यांनी रंगमंचापुढे ऑर्गन का बसवला होता. भाता पायाला दिला की दोन्ही हात मोकळे. बालगंधर्वांच्या पुढे तबल्यावर थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गन हा जो थाट होता, त्यात त्या पायपेटीने खालची भरणी केली. सारंगी गळ्यामागे जायची, ऑर्गन खाली आधार धरायचा.

तेव्हा @उपासना, एक विनंती. तुमच्या पायपेटीवर ते वाजवून दाखवाल का? अर्थात चर्चमध्ये चालत असेल तरच. प्रार्थनेच्या वेळी नको. नाहीतर मी कुठे दुसरी पायपेटी मिळते का बघतो.

---

उपासना | ८ जानेवारी, दुपारी ४:१०

पाळकसाहेबांना विचारलं. हो म्हणाले. स्वतः ऐकायला बसणार आहेत.

दोन अडचणी सांगून ठेवते. भात्याचं कातडं डाव्या बाजूला फाटलंय, त्यामुळे लांब सूर धरला की तो खाली बसतो. आणि मधल्या सप्तकातला कोमल धैवत मुका आहे. गाणं डी मायनरमध्ये आहे, त्यात हा सूर सारखा लागतो. दुरुस्त करणारा माणूस आता गावात कोणी उरला नाही.

---

पांढरी_चार | ८ जानेवारी, रात्री ८:३०

तुमचा कोमल धैवत म्हणजे डी ला सा मानून ना? मग ती काळी पट्टी असणार. सूर मुका होतो तो बहुतेक वेळा कचऱ्याने, सूर काढणाऱ्या पितळी जिभलीखाली धूळ किंवा धागा अडकतो. सोलापुरात तर सुताचे तंतू हवेतच असतात. मोडलेली नसेल तर पातळ कागद फिरवून सुटेल. मोडली असेल तर माझ्याकडे जुन्या पेट्यांच्या जिभल्या डबाभर आहेत, माप जुळलं तर बसवतो. भात्याला आतून मऊ कातड्याची पट्टी आणि सरस. सरस वाळायला एक रात्र लागेल. म्हणून शनिवारी दुपारी येऊन काम करतो, रविवारी वाजवू.

हा रविवार नको. सिद्धेश्वराच्या यात्रेची, म्हणजे गड्ड्याची गर्दी सुरू होतेय, काठ्यांची (नंदीध्वजांची) मिरवणूक आहे, रस्ते बंद असतील, आणि संक्रांतीला आमच्या मंडळाचं भजनही आहे. त्यानंतरचा रविवार धरू. साडेचार वाजता.

---

विजापूरवेस | ८ जानेवारी, रात्री ८:४५

मी येऊ का ओ? गाण्यातलं कळत नाही, पण सरस आणि पॉलिशपेपर दुकानातून घेऊन येतो.

---

पांढरी_चार | ८ जानेवारी, रात्री ८:५०

याच. शनिवारीच या, भाता धरायला एक माणूस लागतोच.

---

कांडी | ९ जानेवारी, पहाटे ५:३०

आजीचा राट अजून माळ्यावर आहे. चाक फिरतं, चाकावरची दोरी, माळ, तुटलीय. आणू का?

---

उपासना | ९ जानेवारी, सकाळी ६:१५

आणा. कृपा करून आणा. मला चाक फिरताना बघायचंय, पायटा किती जोराने दाबायचा ते अजून नीट कळत नाहीये. ताई, पायटा नसतो ना तुमच्या राटाला? हाताने फिरवता?

---

कांडी | ९ जानेवारी, सकाळी ६:२०

हाताने. उजव्या हाताने चाक, डाव्या हातात सूत. दाखवते तुम्हाला.

---

पांढरी_चार | ९ जानेवारी, सकाळी ७:००

माळ सुती दोऱ्याची वळून आणा, नायलॉनची घसरते. आसाला खोबरेल नको, मशीनचं तेल घाला.

ते गाणं झालं की मी 'मानापमान'मधलं एक पद पायपेटीवर वाजवीन, आणि नाट्यवेडा येणार असतील तर त्यांनी गायचं. तबल्याला तोच मुलगा येतोय. नाव इथे लिहायला तो लाजला, म्हणाला रविवारी तुम्हीच सांगा. सांगणार आहे. त्याची आईही येतेय.